कॅमेऱ्यातले फोटो वायर न लावता लांबच्या स्टोरेजवर कसे पाठवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सारखं तेच तेच विचारलं जातं आणि मी दर वेळी अर्धवट उत्तर देतो, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. क्रम काही खास नाही, जे जास्त विचारतात ते आधी.

माझ्या कॅमेऱ्यात वायफाय आहे. म्हणजे फोटो आपोआप क्लाउडवर जातात ना?

नाही जात. बहुतेकांचा इथेच पहिला घोटाळा होतो. बॉक्सवर वायफायचं चिन्ह असतं त्याचा अर्थ एवढाच की कॅमेऱ्याला बोलता येतं, कोणाशी बोलायचं आणि काय पाठवायचं ते तुम्ही सांगितल्याशिवाय तो काही करत नाही. साध्या कॅमेऱ्यांत तर कॅमेरा स्वतःचंच एक छोटं नेटवर्क तयार करतो आणि फोन त्याला जाऊन चिकटतो, त्यात इंटरनेट कुठेच नसतं.

ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. एक, कॅमेरा ते फोन आणि मग फोनवरून क्लाउड. दोन, कॅमेरा घरच्या राउटरला जोडायचा आणि कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या क्लाउडवर पाठवायचं, तिथून पुढे तुमच्या ड्राइव्हवर वगैरे. तीन, एफटीपी, म्हणजे कॅमेरा सरळ तुमच्या सर्व्हरवर फाइल टाकतो, मध्ये कोणी नाही. अलीकडे अडोबीच्या फ्रेम डॉट आयओसारखी कॅमेऱ्यातून थेट क्लाउडवर जाणारी सोयही आली आहे, फुजीफिल्मच्या एक्स-एच२एसला ट्रान्समिटर लावून ती स्टिल कॅमेऱ्यात येणार असं २०२२ मध्ये जाहीर झालं, पण ती मुख्यतः शूटवर एडिटर ताटकळत बसलेला असतो अशा कामासाठी आहे.

मग मी कुठला रस्ता घेऊ?

दिवसाला वीस-तीस फोटो लगेच कोणाला तरी पाठवायचे असतील तर फोनवाला. घरी आल्यावर कॅमेरा टेबलावर ठेवून विसरून जायचं असेल तर कंपनीचा क्लाउड. शेकडो फोटो, रोज, आणि पलीकडे कोणीतरी थांबलंय, तर एफटीपी. आणि महिन्यातून एकदाच कॅमेरा बाहेर काढत असाल तर खरं सांगू का, कार्ड रीडर घ्या, पाच मिनिटांत काम होईल, या सगळ्या भानगडीत पडूच नका.

फोनवर आलेले फोटो बारके का दिसतात? झूम केलं की फुटतात.

कारण ते मूळ फोटो नाहीतच. बऱ्याच ॲप्समध्ये आपोआप येणारा फोटो लहान करून येतो. निकॉनचं स्नॅपब्रिज २०१६ मध्ये आलं तेव्हापासून त्यात २ मेगापिक्सेलची कॉपी पाठवायची सोय आहे, इतर कंपन्यांच्या ॲपमध्येही 'लहान साइज' नाहीतर 'मूळ साइज' असा पर्याय कुठेतरी आत दडलेला असतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून २ मेगापिक्सेल आले म्हणजे बारातला एक हिस्सा आला, बाकीचे अकरा कार्डावरच राहिले.

हे मी अनुभवाने बोलतोय. एका ट्रिपचे सव्वादोनशे फोटो फोनवर आले, फोनवरून क्लाउडवर गेले, ॲपमध्ये हिरवी टिकमार्क दिसली, मी खुशाल कार्ड फॉरमॅट मारलं. दोन महिन्यांनी एक फोटो मोठा प्रिंट करायला काढला तेव्हा कळलं की सगळे सव्वादोनशे २ मेगापिक्सेलचे. ॲपने खोटं काही सांगितलं नव्हतं बरं का, 'पाठवले' असंच म्हणत होतं, आणि पाठवले होतेच की.

त्यात दुसरी गाळणी क्लाउडची. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तिथे १६ वर आणला जातो. म्हणजे कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये मूळ साइज लावली तरी पुढे जाऊन तो पुन्हा कापला जातोच. दोन्हीकडची सेटिंग बघा, एकाच ठिकाणची बघून उपयोग नाही. आणि मूळ क्वालिटी ठेवली तर फुकटची १५ जीबी जागा फार दिवस पुरत नाही, ती जीमेल आणि ड्राइव्हसोबत वाटूनच असते. आधी कमी क्वालिटीचे फोटो कितीही ठेवता यायचे, ती चैन १ जून २०२१ ला संपली.

ब्लूटूथ तर कायम जोडलेलं असतं, मग त्यानेच मोठे फोटो का जात नाहीत?

हे जे कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ असतं ना, त्याचा पाइप फारच बारीक आहे. त्याचं काम म्हणजे झोपलेल्या कॅमेऱ्याला हलवून उठवणं, फोनकडून लोकेशन आणि वेळ कॅमेऱ्याला देणं, आणि मोठी फाइल असेल तर 'चला आता वायफाय चालू करा' असं दोघांना सांगणं. मोठा माल वायफायनेच जातो. म्हणून ॲप मध्येच वायफाय जोडायची परवानगी मागतं आणि आपण वैतागून 'नको' दाबलं की पुढे काहीच होत नाही.

फोन कॅमेऱ्याला जोडला की फोनचं नेट बंद पडतं. काय करू?

फोन त्या वेळी कॅमेऱ्याच्या वायफायवर असतो आणि तिथे नेट नाही, त्यामुळे आधी कॅमेऱ्यातून फोनवर, मग ते कनेक्शन तोडून फोनवरून क्लाउडवर, असं दोन टप्प्यांत करावं लागतं. उलटंही होतं: फोनला कळतं की या वायफायवर नेट नाही, तो फार शहाणा असल्यासारखा स्वतःच ते सोडून मोबाइल डेटावर किंवा घरच्या वायफायवर उडी मारतो, आणि ट्रान्सफर अर्ध्यावर. अँड्रॉइडवर 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' असं विचारलं तर हो म्हणा. 'मोबाइल डेटावर आपोआप जा' अशा अर्थाचं काही सेटिंग असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

कॅमेऱ्यात दुसऱ्याच्या नेटवर्कला जोडायची सोय असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फोनचा हॉटस्पॉट लावा आणि कॅमेरा त्याला जोडा, मग नेटही राहतं. आयफोनचा हॉटस्पॉट कॅमेऱ्याला दिसतच नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये हे बटण आहे, त्याने हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांना तेवढंच समजतं.

५०० फोटो पाठवायला किती वेळ लागेल?

गणित करून बघा. २४ मेगापिक्सेलचा चांगल्या क्वालिटीचा जेपेग साधारण १० एमबी धरा, ५०० म्हणजे ५ जीबी. आता नेटचा स्पीड बघताना अपलोडचा बघा, डाउनलोडचा नाही, लोक तिथेच फसतात, जाहिरातीत मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा. समजा अपलोड २० एमबीपीएस आहे. हे मेगाबिट असतात, आठने भागा, म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. ५,००० भागिले अडीच, २,००० सेकंद, तेहतीस-चौतीस मिनिटं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात जास्तच लागतं, कारण कॅमेऱ्याचा अँटेना इवलासा, बॉडी पुष्कळदा धातूची, आणि मध्ये भिंत आली की स्पीड बसलाच. ५ गिगाहर्ट्झ जवळून वेगवान असतं पण भिंतीपलीकडे लवकर मरतं, २.४ लांब जातं पण शेजारपाजारची सगळी राउटर्स तिथेच गर्दी करून बसलेली असतात.

त्याच फोटोंचे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या कच्च्या फाइल्स, प्रत्येकी ३० एमबी धरले तर १५ जीबी, तेवढ्याच नेटवर एक तास चाळीस मिनिटं.

रॉ पाठवू की नुसते जेपेग?

वायरलेसने जेपेग, रॉ कार्डावरून. माझं तरी हेच मत आहे. कॅमेरा रॉ अधिक जेपेग दोन्हीवर ठेवायचा, दोन स्लॉट असतील तर एका कार्डावर रॉ दुसऱ्यावर जेपेग, आणि पाठवायच्या सेटिंगमध्ये फक्त जेपेग निवडायचे. मीडियावाले फोटोग्राफर तर त्यातलेही निवडकच पाठवतात, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघून आवडलेल्या फोटोवर बटण दाबलं की तो गेला. मैदानाच्या कडेला कायमचं बस्तान असेल तर ते वायरलेसच्या नादालाच लागत नाहीत, सोनी ए१, कॅनन आर३, निकॉन झेड९ यांना सरळ लॅन केबल लावता येते.

कंपनीच्या क्लाउडवर गेले म्हणजे बॅकअप झाला का?

नाही!! हे मी मोठ्याने सांगतोय असं समजा. कंपनीचा क्लाउड हा स्टेशनवरचा फलाट आहे, राहायचं घर नाही. कॅननच्या इमेज डॉट कॅननवर मूळ फाइल ३० दिवस राहते, निकॉनच्या इमेजिंग क्लाउडचंही ३० दिवसांचंच गणित. त्या मुदतीत ती पुढे तुमच्या गूगल, ड्रॉपबॉक्स किंवा अशा कुठल्या तरी खात्यात गेली पाहिजे, आणि ते खातं जोडायचं काम तुमचं. त्या खात्याची जागा भरली असेल किंवा पासवर्ड बदलल्यामुळे जोडणी सुटली असेल तर फोटो फलाटावरच बसून राहतात आणि मुदत संपली की साफ.

आणि दीर्घकाळाची जागा दिली तरी डोळे झाकून भरवसा नको. २०२० साली इमेज डॉट कॅननवर ३० दिवसांच्या तात्पुरत्या स्टोरेजसाठी लिहिलेला कोड चुकून १० जीबीच्या कायमच्या स्टोरेजवरही चालला, आणि लोकांच्या काही मूळ फाइल्स उडाल्या. थंबनेल, म्हणजे छोटी झलक, मात्र शिल्लक राहिली. म्हणजे यादीत फोटो दिसतोय आणि मागे फाइलच नाही! कंपनीने हे स्वतःच जाहीर केलं होतं.

एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी, हे तीन वेगळे आहेत का?

हो, आणि नावं सारखी असल्यामुळे डोक्याची मंडई होते. एफटीपी सगळ्यात जुना, त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिलं, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा ते एमआयटीत होते. त्या काळी चोरून ऐकणारा कोणी नव्हता, त्यामुळे यात युजरनेम, पासवर्ड, फोटो सगळं उघडं जातं. एफटीपीएस म्हणजे तोच एफटीपी पण टीएलएस नावाच्या एन्क्रिप्शनच्या कुलपात. एसएफटीपी मात्र पूर्ण वेगळा, तो एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीवर चालतो, पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, २२. एफटीपीचं पोर्ट २१.

कॅमेऱ्यांमध्ये बहुतेक वेळा पहिले दोन मिळतात, काही नव्या वरच्या मॉडेलमध्ये तिसराही. शक्य असेल तर साधा एफटीपी वापरू नका, निदान बाहेरच्या नेटवर तर नकोच. एफटीपीएसमध्ये नेहमीची अडचण म्हणजे सर्टिफिकेट, सर्व्हरचं ओळखपत्र: तुमच्या सर्व्हरने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर कॅमेरा ते ओळखत नाही आणि एरर देतो, मग रूट सर्टिफिकेटची फाइल कार्डावर टाकून कॅमेऱ्यात लोड करावी लागते. कॅमेऱ्याची तारीख चुकली असेल तरीही हाच एरर येऊ शकतो, कारण कॅमेऱ्याला वाटतं सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. यात एकाची आख्खी संध्याकाळ गेलेली मी बघितली आहे.

लॉगिन होतं पण फाइल जात नाही, असं होत असेल तर पॅसिव्ह मोड चालू करा. एफटीपीत बोलण्यासाठी एक कनेक्शन आणि मालासाठी दुसरं असतं, पॅसिव्ह नसेल तर ते दुसरं सर्व्हरकडून कॅमेऱ्याकडे उघडायला जातं आणि राउटर त्याला दारातच अडवतो. सर्व्हर तुमचाच असेल तर पॅसिव्हसाठीचे पोर्टही त्याच्या फायरवॉलमध्ये उघडे लागतात, नुसतं २१ उघडून भागत नाही.

घरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावर, बाहेरून फोटो टाकता येतील का?

येतील, पण आधी बघा की तुमच्या नेट कंपनीने तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिलाय का. एकच पब्लिक आयपी पुष्कळ घरांत वाटलेला असेल, ज्याला सीजीनॅट म्हणतात, तर बाहेरून आत यायला रस्ताच नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा. आयपी असला तरी एफटीपीचं पोर्ट सगळ्या जगाला उघडून ठेवणं मला पटत नाही, दारं ठोठावत फिरणारे बॉट लगेच हजर होतात. त्यापेक्षा छोटा ट्रॅव्हल राउटर सोबत ठेवायचा, त्यात घरचा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा बंद बोगदा, टाकायचा, कॅमेऱ्याला वाटतं आपण घरीच आहोत. सीजीनॅट असेल तर मात्र व्हीपीएनला मध्ये एखादा बाहेरचा सर्व्हर लागतो.

घरात असताना मात्र नॅससारखं सुख नाही, नेटची गरजच नाही, लोकल नेटवर्कवरून धडाधड जातात.

हॉटेलच्या, एअरपोर्टच्या वायफायला कॅमेरा का जोडला जात नाही?

तिथे ब्राउझरमध्ये पान उघडतं, रूम नंबर किंवा ओटीपी टाकायचा असतो. कॅमेऱ्यात साधारण ब्राउझर नसतो. ऑफिस-कॉलेजात युजरनेम-पासवर्डवालं एंटरप्राइज वायफाय असतं, तेही बऱ्याच कॅमेऱ्यांना जमत नाही. हॉटस्पॉट लावा.

वायफायवाली मेमरी कार्डं मिळायची, ती घेऊ का?

जुन्या कॅमेऱ्यासाठी मोह होतो खरा. आय-फाय कार्ड २००७ ला बाजारात आलं तेव्हा जादूच वाटायची, साध्या एसडी कार्डाच्या आत वायफाय. तोशिबाचं फ्लॅशएअर २०१२ चं, ते स्वतःच छोटा वेब सर्व्हर होतं, ब्राउझरमध्ये उघडायचं, पुढच्या कार्डांत तर लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहून टाकता यायच्या, हौशी लोकांनी त्यावर काय काय केलंय. पण आय-फायच्या जुन्या कार्डांचा सपोर्ट कंपनीने २०१६ मध्ये बंद केला, आणि कार्ड सेट करायला कंपनीचेच सर्व्हर लागत असल्यामुळे चांगली चालणारी कार्डं लोकांच्या हातात नुसती प्लॅस्टिकची चकती होऊन बसली. जुनं सापडलं तर खेळायला ठीक. भरवशाच्या कामाला नको.

तशी ही हौस वायफाय कार्डांच्याही आधीची. ११ जून १९९७ ला फिलिप कान यांनी हॉस्पिटलात आपल्या नवजात मुलीचा फोटो डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल फोन वायरींनी एकमेकांना जोडून घरच्या सर्व्हरवर पाठवला होता आणि तिथून तो ओळखीच्यांना गेला. निकॉनने २००३ मध्ये डी२एचसोबत वायफायचा वेगळा डबा दिला होता, कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा.

सर्व्हरवर जुने फोटो गायब झाले, त्या जागी नवे आले. हॅक झालं का?

हॅक नाही, नावाची गंमत आहे. कॅमेऱ्यातल्या फाइलच्या नावात आकडे चारच असतात, ०००१ ते ९९९९, मग पुन्हा पहिल्यापासून. दोन कॅमेरे एकाच कंपनीचे असतील तर दोघेही त्याच नावाच्या फाइल्स तयार करतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये पाठवलं आणि 'सेम नाव असेल तर ओव्हरराइट' चालू असेल तर नवीन फोटो जुन्याच्या छाताडावर बसतो, चेतावणी वगैरे काही नाही. ओव्हरराइट बंद करा, प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं फोल्डर द्या, आणि कॅमेऱ्यात नावाची सुरुवातीची अक्षरं बदलायची सोय असेल तर ती बदला.

फोटोंचा क्रम का चुकतो?

कॅमेऱ्याचं घड्याळ. दोन कॅमेरे असतील तर शूटच्या आधी दोन्ही फोनशी जोडून वेळ एक करून घ्या.

बॅटरी किती खातं?

बरीच. मोठी ट्रान्सफर असेल तर यूएसबीने पॉवर देत ठेवा, चार्जिंग आणि चालू कॅमेऱ्याला पॉवर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काही कॅमेरे चालू असताना चार्जच होत नाहीत ते मॅन्युअलमध्ये बघा. शिवाय ऑटो पॉवर ऑफ. दोन मिनिटांनी कॅमेरा झोपतो आणि आपण समजतो नेट गेलं.

वायफायमुळे कोणी माझ्या कॅमेऱ्यात घुसू शकतं का?

२०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी कॅनन ईओएस ८०डी मध्ये वायफायवरून रॅन्समवेअर घालून दाखवलं होतं, कार्डावरचे फोटो कुलूपबंद आणि स्क्रीनवर खंडणीची नोट. दोष पीटीपी नावाच्या, फोटो देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलच्या त्या कॅमेऱ्यातल्या कोडमध्ये होता, कंपनीने फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून तो बुजवला. तेव्हा फर्मवेअर अपडेट करत राहा आणि काम नसताना वायफाय बंद ठेवा, उघड्या फुकट नेटवर्कला तर कॅमेरा जोडूच नका. माझ्या मते त्याहून रोजचा धोका वेगळाच आहे: फोनने दिलेलं लोकेशन फोटोत बसतं आणि शेअर केलेल्या अल्बममधून घराचा पत्ता सगळ्यांना कळतो. लोकेशन नको असेल तर कॅमेऱ्याच्या ॲपमध्येच बंद करा.

मध्येच कनेक्शन तुटलं तर अर्धा फोटो जातो का?

जाऊ शकतो. एफटीपीत अर्धवट फाइल सर्व्हरवर पडून राहते, नाव बरोबर, उघडली तर वरचा भाग फोटो आणि खाली राखाडी पट्टा. बरेच कॅमेरे न गेलेल्या फोटोंवर खूण ठेवतात आणि पुन्हा जोडल्यावर तेवढेच पाठवतात, पण त्यासाठी मध्ये कार्ड काढून कॉम्प्युटरवर नावं बदलणं, फाइल उडवणं असले उद्योग करू नका, त्याने त्या खुणा बिघडू शकतात.

मग कार्ड फॉरमॅट कधी मारू?

मी असं करतो. कार्डावरचे फोटो मोजायचे, पलीकडचे मोजायचे, आकडा जुळला पाहिजे. मग पलीकडचे चार-पाच उघडायचे, पहिला, शेवटचा, मधले एक-दोन, आणि त्यांची साइज एमबीमध्ये बघायची, १० च्या जागी अर्धा एमबी दिसला तर समजून जा. फोनवर नाही, कॉम्प्युटरवर, कारण फोन थंबनेल दाखवून गंडवतो. मग दुसरी कॉपी हार्ड डिस्कवर. आणि सिंक चालू असेल तर लक्षात ठेवा की फोनवरून फोटो उडवला की क्लाउडवरूनही उडू शकतो, म्हणून 'फोनवर जागा नाही' म्हणून पुसायच्या आधी एकदा बघा. हे सगळं झाल्यावरही मी कार्ड आठवडाभर तसंच ठेवतो, दुसरं कार्ड वापरतो. त्या सव्वादोनशे फोटोंनंतर लागलेली सवय आहे ही.